स्पीकरमधून ऐकू येतो तो वीजपुरवठा

तबकडीवरून सुईने उचललेला आवाज स्पीकरपर्यंत कधीच पोहोचत नाही. वाटेतच संपतो. सुईमागच्या कार्ट्रिजमधून निघते ती जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टची वीज, आणि चांगला मोठा स्पीकर दणक्यात हलवायचा तर पंधरा-सोळा व्होल्ट आणि दोनेक अँपिअर लागतात. ही मोठी वीज त्या इवल्याशा विजेतून निर्माण होत नाही, ती भिंतीतल्या सॉकेटातून येते. सुईचा संदेश एकेक पायरी चढत शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचनळीच्या, जाळीपर्यंत (ग्रिडपर्यंत) जातो आणि तिथेच थांबतो. ग्रिड जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ती फक्त हुकूम देते: आता जास्त जाऊ द्या, आता कमी. ज्या विजेला हा हुकूम मिळतो ती आधीच तयार होऊन उभी असते, आणि आपल्या कानावर पडतं ते तिचंच कमी-जास्त होणं.

पेटी वाजवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. डावा हात भाता मारतो तो झटक्याझटक्याने. आतला स्प्रिंगचा भाता ती हवा साठवून घेतो आणि रीडना एकसारख्या दाबाने पुरवतो. उजव्या हाताची बोटं हवेला फक्त वाट करून देतात. आतला भाता फाटला, तर हात कितीही तयार असला तरी सूर हलतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वीजपुरवठ्याचं काम अगदी या दोन भात्यांचं आहे.

म्हणूनच जुना अ‍ॅम्प्लिफायर घरघरायला लागला, डग्ग्याची थाप पसरट ऐकू यायला लागली, की मला आधी व्हॉल्व्हवर संशय येत नाही. व्हॉल्व्ह लुकलुकतात, डोळ्यांत भरतात, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघतात. दुखणं बहुधा चॅसीच्या त्या कोपऱ्यात असतं जिथे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, चोक आणि कंडेन्सरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. या कोपऱ्यात काय काय घडतं ते बघायला मी एक ठरावीक यंत्र निवडतो: अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचा 'स्टिरिओ ७०'.

डेव्हिड हाफलर यांच्या या कंपनीने तो १९५९ मध्ये बाजारात आणला. तयार मिळायचा आणि सुट्या भागांच्या खोक्यातूनही मिळायचा. शंभर डॉलरच्या आत खोकं घरी यायचं, सोबत पुस्तिका. सगळ्यात नाजूक सर्किट बोर्ड कारखान्यातच जुळवलेला असे, उरलेलं माणूस जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन जोडत बसे. स्पीकर हलवणाऱ्या चार ईएल३४, त्यांना संदेश पोहोचवणारे दोन ७१९९ आणि एक जीझेड३४ रेक्टिफायर असे सात व्हॉल्व्ह, दर चॅनेलला ३५ वॉट. लाखोंनी खपला, आणि आजही जगभर तो उघडून दुरुस्त केला जातो. त्याचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर इतके उत्तम आहेत की त्याहून कितीतरी महागड्या यंत्रांच्या पंक्तीला बसतील. काटकसर झाली आहे ती वीजपुरवठ्यात. त्या काळात मोठे कंडेन्सर महाग होते आणि जागाही खात, त्यामुळे हाफलर यांच्या माणसांनी लागतील तेवढेच मायक्रोफॅरड घातले. त्यांना मी दोष देत नाही. उलट एवढ्याशा साहित्यात त्यांनी काय साधलं ते आकड्यांत पाहिलं की थक्क व्हायला होतं.

पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीवर मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना ३६० व्होल्ट मिळतात. हे एसी, दर सेकंदाला साठ वेळा मागेपुढे होणारं. जीझेड३४ त्याला एकाच दिशेने वाहायला लावतो, पण त्यातून निघतात ते उंचवटे, सेकंदाला १२०. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर असेच १०० निघतात. या उंचवट्यांची सपाट जमीन करायची आहे. पहिला कंडेन्सर, म्हणजे विजेचा साठा, ३० मायक्रोफॅरडचा. दोन उंचवट्यांमधल्या खाचेत चार ईएल३४ मिळून २०० मिलिअँपिअर ओढत असतात, आणि एवढ्या छोट्या साठ्यातून तेवढं ओढलं तर व्होल्टेज पुढचा उंचवटा येईपर्यंत सुमारे ४० व्होल्टनी खाली येतं. चारशे-साडेचारशे व्होल्टवर चाळीस व्होल्टची लाट! संगीतासाठी ही गोष्ट भयंकर आहे.

पुढे येतो चोक. लोखंडी गाभ्यावर तारेचे हजारो वेढे, १.५ हेन्री. स्थिर करंटला तो जवळजवळ अडवत नाही, बदलत्या करंटला मात्र हजार ओहमहून जास्त विरोध करतो. त्याच्या पलीकडे २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, जो लाटेला ६६ ओहममधून जमिनीत उतरायला वाट देतो. या दोघांच्या कचाट्यात सापडून चाळीस व्होल्टची लाट अडीच व्होल्टवर येते. मग ६.८ किलोओहमचा रेझिस्टर आणि पुन्हा २० मायक्रोफॅरड: लाट शंभर पटींनी लहान होते, उरते २५ मिलिव्होल्ट. मग २२ किलोओहम आणि शेवटचे २० मायक्रोफॅरड: आता तीनशेहून अधिक पटींनी लहान, एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. जो ७१९९ व्हॉल्व्ह सगळ्यात नाजूक संदेश हाताळतो त्याला या शेवटच्या पायरीवरची शांत वीज मिळते. चाळीस व्होल्टचा कल्लोळ तीन कंडेन्सर, एक चोक आणि दोन रेझिस्टर मिळून पाच लाख पटींनी गप्प करतात. यात कुठेही व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही, हलणारा एकही भाग नाही.

मोठ्या ईएल३४ ना एवढी शुद्ध वीज लागत नाही, आणि याचं कारण फार सुंदर आहे. त्या जोडीजोडीने काम करतात, एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. पुरवठ्यातली लाट दोघींपर्यंत एकाच वेळी, एकाच दिशेने पोहोचते, त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या गुंडाळ्यांत ती एकमेकींविरुद्ध उभी राहून विरून जाते. संगीत मात्र दोघींकडे उलटसुलट पोहोचतं, म्हणून ते टिकतं. जोडीतली एक ईएल३४ थकली की हा तोल ढळतो, आणि पुरवठा ठणठणीत असूनही स्पीकरमध्ये घरघर सुरू होते. दुरुस्ती करताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आणि ही घरघर स्वतःच एक सूर असते. आपल्याकडे ती १०० हर्ट्झची, म्हणजे पांढरी पाचच्या खर्जाच्या किंचित वर. अमेरिकेत १२० हर्ट्झ, काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळणारी. गायकाने कुठलाही षड्ज धरला तरी अ‍ॅम्प्लिफायर मागे आपला सूर धरून बसलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा बेसूर असतो. कान तयार असेल तर निदान इथूनच सुरू होतं. १०० हर्ट्झची, जराशी खरखरीत घरघर असेल तर कंडेन्सर गेले किंवा जोडीचा तोल गेला. ५० हर्ट्झची खोल, मऊ गुणगुण असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारा किंवा अर्थिंग तपासायचं.

आता त्या डब्याकडे वळू. स्टिरिओ ७० चे चारही कंडेन्सर एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात आहेत: ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्ट. डब्याची बाहेरची भिंत हीच सगळ्यांची ऋण बाजू. खाली चार टोकं, आणि प्रत्येकाशेजारी कोरलेली खूण: अर्धचंद्र, चौकोन, त्रिकोण, आणि एक बिनखुणेचं. कुठली खूण म्हणजे किती मायक्रोफॅरड ते डब्याच्या अंगावर छापलेलं असतं. हा डबा म्हणजे या यंत्रातली सगळ्यात अद्भुत वस्तू आहे असं माझं ठाम मत आहे.

आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, ओला कागद, दुसरी पट्टी, पुन्हा कागद, अशी गुंडाळी असते. कुणालाही वाटेल की दोन पट्ट्या म्हणजे कंडेन्सरच्या दोन बाजू आणि मधला कागद म्हणजे आडपडदा. तसं नाही. खरा आडपडदा आहे पहिल्या पट्टीवर विजेने वाढवलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर. खरी दुसरी बाजू म्हणजे कागदात भिनलेला द्राव. दुसरी पट्टी केवळ त्या द्रावाला स्पर्श करण्यापुरती. ऑक्साइडचा थर दर व्होल्टमागे साधारण १.३ नॅनोमीटर वाढतो. ५२५ व्होल्टसाठी सुमारे ७०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भाग. एक मिलिमीटर हवा ३,००० व्होल्टच्या आसपास फुटते, ठिणगी पडते. हा थर मिलिमीटरभर जाड असता तर याच हिशेबाने साडेसात लाख व्होल्ट पेलले असते. आणि तो इतका पातळ आहे म्हणूनच एवढ्याशा डब्यात एवढा साठा मावतो.

हा थर स्वतःला दुरुस्तही करतो. कुठे कमकुवत जागा झाली की तिथून थोडा करंट गळतो, आणि गळणारा करंटच त्या द्रावातून नवं ऑक्साइड तिथे घडवतो. यंत्र वापरात असेल तोपर्यंत ही डागडुजी आत अखंड चालू असते. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलं की थर द्रावात हळूहळू खराब होत जातो आणि त्याला सांधणारी वीजच मिळत नाही. अशा यंत्राला एके दिवशी थेट पूर्ण व्होल्टेज दिलं, तर गळती एवढी वाढते की द्राव उकळतो, वायू साठतो, डबा फुगतो, कधी फुटतो. तीस वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर कुणी दिला तर 'चालतो का बघू' म्हणून प्लग लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हा कंडेन्सर आणि इतर पुष्कळ यंत्रांत एसीचं डीसी करणारा चार रेक्टिफायरचा ब्रिज, या दोन्हींच्या मुळाशी एकच नाव येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पोलंडचे कारोल पोलाक यांनी ब्रिजचं पेटंट १८९५-९६ च्या हिवाळ्यात घेतलं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या द्रव कंडेन्सरचं १८९७ मध्ये. तेव्हा व्हॉल्व्ह जन्मालाही आला नव्हता. फ्लेमिंग यांचा पहिला व्हॉल्व्ह १९०४ चा.

साठ वर्षांचा डबा पुन्हा जागा करता येतो. व्हेरिअ‍ॅकने, म्हणजे एसी व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, व्होल्टेज तासन्‌तास हळूहळू चढवत न्यायचं आणि थराला पुन्हा घडायला वेळ द्यायचा. यात एक अडचण आहे: व्होल्टेज कमी असताना जीझेड३४ चा हीटरही पुरेसा तापत नाही, म्हणून तो काहीच सोडत नाही, आणि मग बऱ्याच वर एकाएकी सोडायला लागतो. सावकाश चढवण्याचा हेतूच फसतो. त्यासाठी जाणकार तेवढ्यापुरते त्याच्या जागी सिलिकॉन डायोड बसवतात आणि बाकीचे व्हॉल्व्ह काढून ठेवतात. पण थर परत घडला तरी वाळलेला द्राव परत येत नाही. आतला रोध वाढलेलाच राहतो, आणि उष्णतेने झालेली झीज तशीच राहते; तापमान दर दहा अंशांनी वाढलं की अशा कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि या डब्याचा शेजार कुणाचा, तर ईएल३४ आणि जीझेड३४ सारख्या निखाऱ्यांचा. म्हणून मी म्हणेन, डबा बदला.

बदलताना मोह होतो. आज १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा कंडेन्सर अंगठ्याएवढ्या आकारात मिळतो, कारण पट्टीला रसायनाने कोरून तिचं पृष्ठफळ आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त वाढवतात. मग सगळीकडे मोठेच का घालू नयेत? इथे जीझेड३४ आडवा येतो. त्याच्या पहिल्याच कंडेन्सरवर कारखान्याने मर्यादा घातली आहे: ६० मायक्रोफॅरड. कंडेन्सर भरतो तो फक्त उंचवट्याच्या माथ्यावर, क्षणभर. साठा जितका मोठा, तितकं त्याचं व्होल्टेज कमी ढळतं, तितका भरण्याचा क्षण आखूड होतो आणि त्या क्षणातला करंट उंच. सरासरी २०० मिलिअँपिअरच राहते, पण धक्के अँपिअरकडे जातात. कॅथोडवरचा, म्हणजे तापून वीज सोडणाऱ्या भागावरचा, बेरियम-स्ट्रॉन्शियमचा नाजूक लेप ते धक्के सोसत नाही. आत ठिणगी उडते आणि व्हॉल्व्ह जातो.

तर मग पहिली पायरी तीसचाळीसवर ठेवायची आणि पुढच्या वाढवायच्या. चोकच्या आणि रेझिस्टरच्या आड असलेल्या कंडेन्सरचे धक्के रेक्टिफायरपर्यंत पोहोचत नाहीत. जुन्याच मापाच्या डब्यात आता ८०-४०-३०-२० मायक्रोफॅरड मिळतात. त्यातले ८० चोकनंतर लावले, तर तिथली अडीच व्होल्टची लाट सहा-सात दशांश व्होल्टवर येते, आणि डग्ग्याची थाप पडते तेव्हा ओढायला चौपट साठा हाताशी असतो. जागा तीच, डबा तेवढाच, फरक मात्र खर्जात स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा मोह जीझेड३४ काढून सिलिकॉन डायोड घालण्याचा. तो काढला की त्याने खाल्लेले पंधरावीस व्होल्ट परत मिळतात, हे खरं. पण गणित करून बघा. ३६० व्होल्टचं शिखर ५०९ व्होल्टचं. जीझेड३४ गरम व्हायला दहापंधरा सेकंद घेतो, तोवर ईएल३४ ही तापून करंट ओढायला लागलेल्या असतात आणि व्होल्टेज तेवढं वर जातच नाही. सिलिकॉन त्याच क्षणी पूर्ण ५०९ देतो, कुणीही ओढणारं नसताना. हा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्टच्या हिशेबाने गुंडाळलेला. आज अमेरिकेतल्या घरांत १२० आणि त्याहून वर व्होल्टेज येतं. १२२ आलं की शिखर ५३० पार, आणि डब्यावर छापलंय ५२५. शिवाय अशा जोडणीत प्रत्येक डायोडला उलट्या दिशेने दुप्पट, म्हणजे हजाराहून अधिक व्होल्ट सोसावे लागतात. सगळीकडे मिळणाऱ्या १एन४००७ ची मर्यादा नेमकी १,००० आहे.

मला आवडते ती मधली वाट. जीझेड३४ जागेवरच राहू द्यायचा आणि त्याच्या दोन्ही प्लेटच्या, म्हणजे एसी जिथून आत शिरतं त्या टोकांच्या, वाटेवर एकेक सिलिकॉन डायोड लावायचा. हळू तापण्याचा त्याचा गुण टिकतो, आणि उलट्या व्होल्टेजचा भार डायोड वाटून घेतात, त्यामुळे आजकालच्या कमअस्सल रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडण्याची भीती पुष्कळ कमी होते. वेगवेगळ्या काळात जन्मलेले दोन एकदिशा दरवाजे एकामागे एक उभे राहून काम करतात.

या सगळ्यात एक चिमुकला पुरवठा विसरला जातो, आणि खरं तर तो सगळ्यात आधी बघायला हवा. ईएल३४ च्या ग्रिडला ऋण व्होल्टेज देणारा बायस. स्टिरिओ ७० मध्ये त्यासाठी सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर आहे. सेलेनियम म्हातारं झालं की त्याचा रोध वाढतो, ऋण व्होल्टेज घटतं, आणि ज्या लगामाने ईएल३४ आवरलेल्या असतात तो सैल पडतो. करंट वाढतो, प्लेट लालबुंद होते, मागोमाग काच, ट्रान्सफॉर्मर, सगळंच धोक्यात. सेलेनियम जळालं तर असह्य दुर्गंध येतो आणि ती वाफ विषारी असते. तिथे एक साधा १एन४००७ आणि दोन नवे छोटे कंडेन्सर घातले की काम झालं. संपूर्ण यंत्रातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आणि सगळ्यात महागडे भाग वाचवणारी.

हात घालण्याआधी एक गोष्ट. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं होत नाही. ४३० व्होल्टवर भरलेल्या त्या डब्यात आठेक जूल ऊर्जा बसलेली असते, आणि मोठा डबा घातल्यावर पंधराच्या आसपास. हृदयातून गेली तर जीव घ्यायला पुरेशी आहे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे पुष्कळ आहेत. त्याने कंडेन्सरलाही इजा होते आणि डोळ्यांनाही. १० किलोओहमचा, पाच-दहा वॉटचा रेझिस्टर तारेला जोडून, वर इन्सुलेशन चढवून ठेवा. तो लावल्यावर पाच-सहा सेकंदांत डबा रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा, आणि थोड्या वेळाने पुन्हा करा. कारण हा कंडेन्सर रिकामा केल्यावरही आतल्या थरात अडकलेला विद्युतभार सावकाश बाहेर येतो आणि टोकांवर पुन्हा व्होल्टेज उगवतं, कधी बऱ्यापैकी. चालू यंत्रात मोजमाप करायचं तर एक हात खिशात, म्हणजे छातीतून वाट तयार होत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना आपल्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांचा सिरीज बोर्ड फार उपयोगी पडतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब. बल्ब थंड असताना त्याचा रोध चाळीस-पन्नास ओहमच्या घरात, पूर्ण पेटल्यावर २३० व्होल्टच्या बल्बचा पाचशेच्या वर. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. टंगस्टनच्या एका तारेला एवढी समज असावी, याचं मला दर वेळी नव्याने कौतुक वाटतं.

मग बायस लावायचा. प्रत्येक चॅनेलच्या दोन ईएल३४ चा करंट मिळून १५.६ ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो. चॅसीच्या पुढच्या सॉकेटवर मीटर लावून स्क्रू फिरवत १.५६ व्होल्टवर आणायचं, म्हणजे दोघींचे मिळून बरोबर १०० मिलिअँपिअर होतात, एकीला ५०. ४१५ व्होल्ट गुणिले ५० मिलिअँपिअर म्हणजे २१ वॉटच्या आत. ईएल३४ ची प्लेट २५ पेलते. आणि १.५६ व्होल्ट म्हणजे कोऱ्या टॉर्चच्या सेलचंही जवळपास तेवढंच व्होल्टेज, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडचा स्वस्तातला मीटर खरं बोलतो का, हे त्याला घरच्या सेलवर पडताळता यायचं.

यंत्र अर्धा तास तापू द्या, बायस पुन्हा बघा, कारण गरम झाल्यावर तो थोडा सरकतो. आठवडाभराने आणखी एकदा. काहीही न वाजवता स्पीकरला कान लावा. १०० हर्ट्झची खरखर गेलेली असेल. तिच्या आडोशाला इतकी वर्षं दडलेली ५० हर्ट्झची गुणगुण आता कदाचित पहिल्यांदा जाणवेल. ती या पुरवठ्याची नाही. ६.३ व्होल्टच्या हीटरच्या तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून चॅसीच्या कडेला लावल्या, ग्रिडच्या तारांपासून दूर ठेवल्या, की तीही बहुतांशी जाते.